आमच्या डोंगरात बोगदा नाही

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "नाना, तुमच्याकडे आलेल्या पर्यटकांच्या गमतीजमती लिहा, लोकांना आवडतं." गमती पोतंभर आहेत. पण मी लिहायला हो म्हटलं ते त्यासाठी नाही. मला एक कबुली द्यायची आहे आणि ती छापून यायला हवी. तोंडी देऊन बघितली, लोक हसले. छापलेल्यावर मात्र आमच्याकडं माणसाचा लगेच विश्वास बसतो, मग तो कागद भेळीचा का असेना.

मी म्हादू. वाडीत सगळे म्हादूनाना म्हणतात. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या शिवेवर, डोंगराच्या कुशीत आमची वाडी आहे. आजा मेंढरं राखायचा, बापानं मेंढरं राखता राखता थोडी शेती केली, आणि मी मेंढरं सोडून माणसं वळायला लागलो. तीस-पस्तीस वर्षं लोकांना लेणी दाखवतोय. तुळजा लेणी, मानमोडी, शिवनेरीच्या पोटातली, सगळीकडं फिरलो. आमच्या वाडीच्या वरही एक बारकं लेणं आहे, त्याचं नाव कुठल्या पाटीवर नाही. दोन खोल्या, एक ओसरी, आणि बाजूला कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. चैत्र-वैशाखात खालची विहीर खडखडीत झाली की आख्खी वाडी त्या टाक्याचं पाणी पिते. टाकं गेलं तर वाडी उठली, इतका साधा हिशोब आहे. पुढचं सगळं या टाक्यावरूनच घडलं, म्हणून आधी सांगून ठेवतो.

लोकांना वाटतं, गाईडचं काम म्हणजे पुढं चालायचं आणि बडबडायचं. तसं नाही राव. आमचं काम उजेडाचं. लेण्यात शिरल्यावर नवखा माणूस बॅटरी सरळ समोर भिंतीवर मारतो, आणि म्हणतो काहीच दिसत नाही. दिसेल कसं? बॅटरी बाजूनं धरायची, अगदी भिंतीला टेकवून, म्हणजे उजेड दगडावरून सरपटत जातो आणि छिन्नीचा एकेक घाव उठून दिसतो. कुठल्या कारागिराचा हात जड होता, कोण डावखुरा होता, कुठं दगड ठिसूळ लागला म्हणून काम सोडून दिलं, हे मी तुम्हाला नुसत्या घावांवरून सांगतो. आणि लेणं खोदतात वरून खाली. आधी छत, मग भिंती, शेवटी जमीन. त्यामुळं अर्धवट सोडलेलं काम ओळखणं सोपं असतं. हे मला कोणी शिकवलं नाही. मेंढरं सावलीला बसायची आणि मी भिंती बघत पडायचो, त्यातून आलं.

दुसरं काम मधमाश्यांपासून माणसं वाचवायचं. एकदा पुण्याहून एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढायला आलं. बरोबर फोटोवाला, मेकअपवाली, आणि रंगीत धुराच्या नळकांड्या. मी वर बोट दाखवून म्हटलं, "ते काळं लटकतंय ना, ते आग्या मोहोळ हाय. धूर करू नका." फोटोवाला म्हणाला, "काका, आम्ही प्रोफेशनल आहोत." त्यानं गुलाबी धूर सोडला. मी नवरीला खाली पाडलं आणि तिच्यावर माझी घोंगडी टाकली. तिला वाटलं, हा म्हातारा काय करतोय, आणि ती मला शिव्या घालायला लागली. मग वरून आवाज आला आणि तिच्या शिव्या थांबल्या. नवरदेवाचं तोंड आठ दिवस सुजलेलं होतं असं नंतर कळलं. नवरीनं मला लग्नाला बोलावलं, जेवताना शेजारी बसवलं, आणि सगळ्या पाहुण्यांना सांगितलं की या माणसानं मला पहिल्यांदा घोंगडीत घेतलं. नवरदेव हसला नाही.

तर अशा गमती आहेत. आता कबुली.

फार वर्षांपूर्वी एक मोठं कुटुंब आलं होतं. त्यांना आमचं बारकं लेणं दाखवायला वर नेलं. त्यातले एक साहेब, गोरेपान, घामाघूम झालेले, टाक्यात डोकावले आणि म्हणाले, "नुसतं पाण्याचं टाकं दाखवायला एवढं चढवलंत?" त्यांच्या बायकापोरांसमोर म्हणाले. मला ते झोंबलं. त्या टाक्यावर आमची वाडी जगते, आणि हा माणूस 'नुसतं' म्हणतो. टाक्याच्या आत, मागच्या भिंतीत एक अर्धवट खोदलेली चौकट आहे, दारासारखी. कारागिरांनी काम सोडलं तेव्हा तशीच राहिली. निम्मी पाण्यात, निम्मी वर. माझ्या तोंडून निघून गेलं, "टाकं नाय साहेब, ते बोगद्याचं तोंड हाय. थेट शिवनेरीवर निघतो. पुढं बुजवलाय."

त्या माणसाचा चेहरा असा उजळला की विचारू नका. पोरांना उचलून दाखवायला लागला. पुढच्या रविवारी दुसरेच लोक बोगदा विचारत आले. मग मी थांबलो नाही. आधी नुसता बोगदा होता, मग त्यातून गार वारा यायला लागला. मग मी मेंढी घातली. आमच्या कळपातली, कपाळावर लाल टिळा असलेली मेंढी आत शिरली आणि तीन दिवसांनी शिवनेरीच्या पायथ्याला निघाली, लोकर ओली होती, असं मी सांगायचो. ओल्या लोकरीनं लोकांची खात्री पटायची. मला मजा वाटायची, आणि खोटं का बोलू, अभिमानही वाटायचा. एवढं सोपं आहे हे, असं वाटायचं.

आता गेल्या वर्षी काय झालं ते सांगतो.

आमच्या गावच्या सरपंच सुनंदाताई. तडफदार बाई. गावातली तरणी पोरं कंपन्यांत जातात आणि परत येत नाहीत, म्हणून गावात काहीतरी उभं राहावं अशी तिची तळमळ. शहरातले एक साहेब तिला येऊन भेटले. त्यांचा धंदा पार्क उभारायचा. ते म्हणाले, तुमच्या डोंगरात बोगदा आहे, त्याचा आपण 'केव्ह पार्क' करू. लाईट, म्युझिक, सगळं. आणि हे कसं असतं ते बघायला त्यांनी आम्हा पाच जणांना परराज्यातली एक मोठी गुहा दाखवायला नेलं. याला अभ्यास दौरा म्हणतात. कळंबला चहा पिऊन गाडीत बसलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उतरलो.

आयुष्यभर लोकांना गुहा दाखवल्या, आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा पर्यटक झालो. मनगटाला कागदाचा पट्टा बांधला. लोखंडी गजांतून वळणं घेत तासभर रांगेत उभं केलं. गुहा निसर्गानं केलेली, आमच्यासारखी छिन्नीची नाही. वरून पाणी ठिबकून ठिबकून दगडाच्या सोंडा लोंबतात, खालून दगडाचे खांब उगवतात. किती हजार वर्षं लागली असतील देव जाणे. आणि आत काय, तर गुलाबी लाईट, निळा लाईट, हिरवा लाईट. वाटलं, लग्नाच्या हॉलमध्ये आलो. स्पीकरवर गाणी. निळ्या कपड्यातला एक पोरगेला गाईड लेसरनं दाखवत होता, "बाएं देखिए, शंकर-पार्वती. दाएं देखिए, आइसक्रीम कोन. ऊपर देखिए, मगरमच्छ." लोक मान फिरवत होते आणि मोबाईल फिरवत होते. दगड कोणी बघत नव्हतं.

मला राहवेना. मी खिशातली बॅटरी काढली, एका खांबाला बाजूनं टेकवली. त्यासरशी दगडाचा कण न् कण चमकायला लागला. सुनंदाताई शेजारी होती, ती म्हणाली, "अगं बाई, हे असं हाय व्हय?" तेवढ्यात गाईड धावत आला. "अंकल, टॉर्च अलाउड नहीं है." मी म्हटलं, "बेटा, तुम्हारे लाईट में पत्थर दिखता नहीं." तो म्हणाला, "पता है अंकल. बंद कीजिए."

त्या 'पता है' वरून मी ओळखलं, हा आपल्यातला आहे. बाहेर आल्यावर त्याला चहाला ओढला. पोरगा त्याच गावचा. त्याचा बाप मशाल घेऊन लोकांना गुहा दाखवायचा. मी विचारलं, ही शंकर-पार्वती, मगर, ही नावं कोणी ठेवली? म्हणाला, "आधी मैंने, आधी मेरे बाप ने." आणि मग कपात बघत त्यानं सांगितलं, की आधी आत सगळीकडं पाणी ठिबकायचं. गर्दी वाढली म्हणून लोकांना बाहेर काढायला मागून डोंगर फोडला, दुसरं दार केलं. हवा आरपार वाहायला लागली आणि आतला ओलावा गेला. "अब नहीं टपकता. पत्थर बढ़ता था अंकल, अब नहीं बढ़ता." दिव्यांच्या भोवती दगडावर शेवाळाचा हिरवा थर धरलेला मी आत बघितलाच होता. तो ते सगळं सांगत होता आणि मी मान हलवत होतो. मग त्यानं विचारलं, "आपके यहां क्या है?"

मी म्हणालो, "सुरंग है."

सवयीनं. तीस वर्षांची सवय. पोरगा हसला आणि म्हणाला, "सच में है, या आपने रखी है?" मी म्हातारा माणूस, त्या पोरासमोर खाली मान घालून बसलो. इतकी लाज मला उभ्या जन्मात वाटली नव्हती.

परतीच्या गाडीत साहेबांनी नकाशा काढला. टाक्यातलं पाणी उपसायचं. मागच्या भिंतीतली चौकट ब्रेकर लावून फोडायची. बोगदा मोकळा झाला की आत फायबरचे दगड आणि लाईट. मी विचारलं, "आन् पानी?" साहेब म्हणाले, "टँकर लावू ना काका." आमच्या वाडीपर्यंत रस्ता कसा आहे हे त्यांना माहीत नव्हतं. आमचा कातळ कसा आहे हेही माहीत नव्हतं. ते टाकं पाणी धरतं कारण त्या कातळाला एक चीर नाही. एकदा ब्रेकरनं हादरवला की चिरा पडणार, आणि पाणी डोंगर पिऊन टाकणार. माझ्या एका थापेपायी.

घरी येऊन हौसाला सांगितलं. हौसा माझी बायको. महाळुंगे पडवळची, बागायतीतली पोरगी. माझ्याशी लग्न करून डोंगरावर आली आणि आयुष्यभर त्या टाक्यावरून हंडे वाहिले. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मंग त्यात काय एवढं? सांगा, टाक्यात साती आसरा हायेत. मला सपनात आल्या म्हणा. कोण हात लावतंय बघू."

खरंच सोपं होतं. साती आसरा म्हणजे पाण्यातल्या देवता, आमच्याकडं त्यांना सगळेच भितात. तिकडं आहुप्याच्या देवराईत देवाच्या धाकानं वाळकी काडीसुद्धा कोणी उचलत नाही, म्हणून ते रान उभं राहिलं. आमच्या टाक्यात देव बसवला असता तर साहेब त्याच दिवशी गाडीत बसले असते. वाडीनं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला असता. ठेवलाच असता, बोगद्यावर ठेवला तसा.

मी म्हटलं, "न्हाई. एक थाप मारून बोगदा पाडला, आता दुसरी मारून देव बसवू व्हय? उद्या कोण त्याच्यावर तिसरी रचंल. मी खरं सांगनार."

"खऱ्यावर कोन इस्वास ठिवनार तुमच्या?" हौसा म्हणाली आणि हंडा घेऊन निघून गेली.

बाई बरोबर बोलली होती. ग्रामसभेत मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. बोगदा नाही, वारा नाही, मेंढी नाही. मी बनवलं. सगळे हसायला लागले. बबनदादा म्हणून माझ्याच वयाचे आहेत, ते काठी टेकवत उठले आणि म्हणाले, "म्हादू, काय बोलतो? ती मेंढी माझ्या चुलत्याची व्हती. मी सोता बघितलीय. लाल टिळा व्हता." मी म्हटलं, "दादा, तो टिळा मी लावला." ते म्हणाले, "तुझं वय झालं." मागून एक पोरगा बोलला, "नानाला धंद्याची पडलीय. लाईट आलं की नानाच्या बॅटरीला कोन इचारतंय." त्यावर टाळ्या पडल्या. तो पोरगा माझ्या सख्ख्या पुतण्याचा मित्र, माझ्या घरी जेवलेला.

मी चिडलो. माझा राग वाडीला माहीत आहे. म्हटलं, "माझं खोटं तुमी तीस वर्सं डोक्यावर घेतलं, आन् खरं बोललो तर वय झालं? चला वर. आत्ता चला. हात लावून बघा, मग फोडा."

सुनंदाताई म्हणाली, "चला."

एप्रिलची दुपार होती. निम्मं गाव वर आलं, साहेबही आले. मी दोर बांधून टाक्यात उतरलो. पाणी छातीला लागत होतं. चौकटीपाशी जाऊन ओरडलो, "कोन येतंय बघायला?" वरती सगळे एकमेकांकडं बघायला लागले. आमच्या वाडीतली माणसं त्या टाक्याचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या पितात, पण आत उतरत नाहीत. पिण्याच्या पाण्यात पाय घालायचा नाही हा दंडक आहे. मीही तेव्हाच मोडला. एवढ्या वर्षांत कोणी आत जाऊन भिंतीला हात लावला नाही, माझी थाप टिकली ती त्यामुळंच.

मग सुनंदाताईनं चपला काढल्या, पदर खोचला आणि दोर धरला. साहेब म्हणाले, "मॅडम, रिस्क नको, आपण इंजिनियर बोलावू." ती म्हणाली, "पानी आमी पितो साहेब, इंजिनियर न्हाई." आणि उतरली.

मी बॅटरी भिंतीला टेकवून धरली. म्हटलं, "ताई, हे घाव बघा. ह्या बाजूनं येत्यात, कोपऱ्यात वळत्यात आन् मागल्या भिंतीवर तसंच जात्यात. बुजवलेलं असतं तर इथं सांधा लागला असता. नख घालून बघा." तिनं नख घातलं. चारी कोपरे चाचपले. पाण्याखाली वाकून चौकटीचा तळ चाचपला, तिथं दगड पायरीसारखा पुढं आलेला, वरून खाली खोदत येताना सोडून दिलेला. ती पुन्हा वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करायची, पुन्हा तळापर्यंत जायची. तीनदा केलं तिनं तसं. मला कळेना, आता आणखी काय शोधतेय.

मग फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "नाना, मी तिसरीत व्हते. शाळेची सहल तुमी इथं आणली व्हती. आमाला वर काठावर पालथं झोपवलं, आन् म्हणालात डोळं मिटा, गार वारा येतो बघा."

"व्हय ताई."

"मला आला व्हता वारा."

मी बॅटरी भिंतीवरून काढून पाण्याकडं वळवली.

"लागला व्हता नाना मला, तोंडावर," ती म्हणाली. मग तिनं भिंतीवरचा हात काढला, तो ओला हात तोंडावरून फिरवला आणि वर बघून मोठ्यांदा म्हणाली, "भिंत अखंड हाय. हिला कोनी हात लावायचा न्हाई."

साहेब गेले. पार्कात पोरांना मिळणार होती ती कामं गेली, हे खरं आहे आणि ते माझ्या माथी आहे. मी ते नाकारत नाही. काही पोरं मला रस्त्यात बघून तोंड फिरवतात. बबनदादा अजून मेंढीची गोष्ट सांगतात, आता तर त्यांनी तिला कोकरूसुद्धा घातलंय. सुनंदाताई माझ्याशी कामापुरतं बोलते. तेवढं मला भोगलं पाहिजे.

पण गोष्ट संपलेली नाही. ताईची मुदत संपत आलीय. ज्यांना पार्क हवाय ते निवडणुकीला उभे राहणार आहेत, आणि त्यांच्या तोंडी पुन्हा बोगदाच आहे. म्हातारा चळलाय, टाक्यात बाईला काय दिसणार, असं बोलतात. म्हणून ही कबुली छापायला दिली. वाचा, कापून ठेवा, ग्रामसभेत दाखवा. ज्याला शंका असेल त्यानं वैशाखात यावं, पाणी कमरेइतकं असतं. पाय धुऊन उतरा, दोर मी धरतो, हवा तेवढा वेळ भिंत चाचपा. आणि ब्रेकर घेऊन येणार असाल तर दोर धरायला दुसरा माणूस आणा. मी आत असेन, त्या चौकटीला पाठ लावून उभा.